जुने कर्ज आणि आपल्या नावाचा उतारा

मिरगाच्या आधीचा रविवार होता. मिस्सा आटोपून लोक पांगले, तरी एक वयस्क शेतकरी चर्चच्या पायरीवरच रेंगाळले होते. साठीचे गृहस्थ, तीन एकर ऊस, एक एकर तंबाखू, गोठ्यात दोन म्हशी. बोलावे की न बोलावे अशा विचारात त्यांनी थोडा वेळ टोपी हातात फिरवली आणि मग विचारले, "फादर, ह्यो सिबिल म्हणून कोण सायेब हाय वो? त्याची एकदा गाठ घालून द्या. त्यो न्हाई म्हणतोय म्हणून म्यानेजर कर्ज दीना झालाय."

आम्हांला हसू आले, पण ते आवरले. ठिबकासाठी कर्ज मागावयास गेलेल्या ह्या माणसाला बँकेत एवढेच सांगण्यात आले होते की, "तुमचे सिबिल खराब आहे." काय खराब, कोणी खराब केले, किती वर्षांपूर्वीचे, ह्याचा खुलासा कोणी केला नव्हता. त्यांनीही विचारला नव्हता. घरी येऊन कारभारणीला सांगितले नव्हते. आठ दिवस झोप नव्हती आणि रक्तदाबाची गोळी चुकत होती, हे आम्हांला नंतर कळले. दुखणे अंगावर काढण्याची आपल्याकडे जशी सवय आहे, तशी कर्ज अंगावर काढण्याचीही आहे. साखर वाढलेली निघेल ह्या भीतीने रक्त तपासून न घेणारी माणसे आम्ही पाहतो. ही तीच जात.

तेव्हा प्रथम ह्या 'साहेबा'विषयी. सिबिल हा माणूस नव्हे, सरकारी खातेही नव्हे. ती एक कंपनी आहे. २००० साली ती स्थापन झाली. पुढे २००५ साली संसदेने अशा कंपन्यांसाठी वेगळा कायदा केला, आणि आज रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चार कंपन्या हे काम करतात. ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि सीआरआयएफ हाय मार्क ही त्यांची नावे. आपल्याकडे चौघींनाही सिबिलच म्हणतात, जसे एके काळी कोणत्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणत. बँका आणि कर्ज देणाऱ्या नोंदणीकृत कंपन्या आपल्या प्रत्येक कर्जदाराची माहिती ह्या चौघींकडे धाडतात. कर्ज कधी घेतले, किती घेतले, हप्ते वेळेवर आले की नाही, आज बाकी किती, ही ती माहिती. पूर्वी ती महिन्याने जात असे, जानेवारी २०२५ पासून निदान पंधरवड्याने जावी असा नियम झाला. नवे कर्ज मागितले की बँक ती माहिती मागवून पाहते.

शेतकऱ्याला हे समजावण्यास आम्हांला एक सोपी तुलना सापडली. जमिनीचा जसा उतारा असतो, तसा हा माणसाचा उतारा. जमिनीच्या उताऱ्यावर बोजा चढलेला असतो, तो फेडल्यावर उतरवून घ्यावा लागतो. उतरवून न घेतल्यास फेडलेले कर्जही वर्षानुवर्षे तिथे राहते. उताऱ्यात नाव चुकले तर चकरा माराव्या लागतात. आणि शहाणा शेतकरी जमिनीचा सौदा करण्यापूर्वी आधी उतारा काढून पाहतो. मात्र आपल्या स्वतःच्या नावाचा उतारा आपल्यापैकी किती जणांनी काढून पाहिला आहे? बँकेचा मॅनेजर तो पाहतो आणि आपण मात्र त्याच्या तोंडाकडे पाहतो.

ही माहिती पाहण्याचा आपल्याला हक्क आहे, आणि वर्षातून एकदा ती फुकट मिळते. जानेवारी २०१७ पासून चारही कंपन्यांनी प्रत्येक माणसाला दर वर्षी एक संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असे रिझर्व्ह बँकेने घालून दिले आहे. म्हणजे वर्षाला चार अहवाल फुकट. आपणच आपला अहवाल पाहिल्याने पत घसरते, असा एक समज निपाणीपासून इचलकरंजीपर्यंत पसरलेला आम्ही ऐकला. तो खोटा आहे. पत घसरू शकते ती घाईघाईने पाच ठिकाणी कर्जाचे अर्ज टाकल्याने, कारण प्रत्येक बँकेने केलेली चौकशी तिथे नोंदली जाते.

हिशेब पाहण्याचा हक्क ही कर्जदाराच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर हल्ला केला, आणि तो वणवा पुढे नगर जिल्ह्यापर्यंत गेला. बहुतेक ठिकाणी त्यांना हवे होते ते धान्य किंवा दागिने नव्हेत, तर कर्जाचे रोखे. ते हाती आले की जाळून टाकीत. काय लिहिले आहे हे वाचता येत नव्हते, अंगठा मात्र त्याखाली आपला होता. त्यानंतर १८७९ साली सरकारने पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांसाठी जो कायदा केला, त्यात शेतकऱ्याला भरलेल्या पैशाची लेखी पावती आणि वर्षाचा हिशेब सावकाराकडून मागण्याचा अधिकार दिला. आपला बेळगाव जिल्हाही तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. आजचा रोखा संगणकात आहे, त्यास काडी लावता येत नाही. पण तो वाचता येतो, आणि तेवढे तरी आपण करावे.

आमच्या त्या शेतकऱ्याचा अहवाल काढण्यास दोन संध्याकाळी गेल्या. पॅन कार्ड होते, पण बँकेत नोंदलेला मोबाईल क्रमांक तीन वर्षांपूर्वीच बंद पडला होता. कॉलेजात जाणारा नातू मदतीला बसला. संकेतस्थळ जागोजागी महिन्याची पैसे भरून घ्यावयाची योजना पुढे करते, त्यामधून फुकटाची वाट शोधावी लागते. शेवटी कागद निघाला. नऊ पाने, सारी इंग्रजीत. वर तीनशे ते नऊशे ह्यांमधला एक आकडा असतो. साधारणपणे साडेसातशेच्या वर असल्यास बँका खूश असतात. ह्यांचा आकडा पाचशेच्या घरात होता. आम्ही नातवाला म्हटले, "आकडा सोड. पुढची पाने उलट." कारण आकडा हा ताप आहे, आणि रोग पुढच्या पानांवर असतो.

पुढच्या पानांवर तीन नोंदी लाल निघाल्या. तीन तऱ्हेच्या तीन, आणि प्रत्येकीचे औषध निराळे.

पहिली नोंद पीककर्जाची होती. ती पाहून गृहस्थ उसळलेच. "त्ये तर माफ झालंया की! कुमारस्वामींनी माफ केलंया!" २०१८ सालच्या जुलैत कर्नाटक सरकारने जाहीर केलेली ती कर्जमाफी आपल्या सर्वांच्या स्मरणात आहे. व्यापारी बँकांतील पीककर्जाला दोन लाखांपर्यंत आणि सहकारी संस्थांतील पीककर्जाला एक लाखापर्यंत, अटींसह. आधार, रेशनकार्ड आणि जमिनीचा सर्व्हे नंबर ही सारी जुळावी लागत. ह्या गृहस्थांचे कर्ज व्याजासह दोन लाख एकतीस हजार होते. दोन लाख माफ झाले. वरचे एकतीस हजार माफ नव्हते, ते ज्याचे त्याने भरावयाचे होते. गावात माफीची यादी लागली, यादीत नाव दिसले, आणि त्यांनी बँकेची पायरी सोडली ती सोडलीच. एकतीस हजारांचे व्याजाने बावन्न हजार झाले होते.

माफीच्या ह्या प्रकरणात आपल्याकडील पुष्कळ माणसे फसली आहेत, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. २००८ सालच्या केंद्राच्या योजनेत दोन हेक्टरपर्यंतच्या अल्पभूधारकांचे थकीत पीककर्ज पूर्ण माफ झाले, पण त्याहून अधिक जमीनवाल्यांना केवळ पंचवीस टक्के सूट होती, तीही उरलेले पंचाहत्तर टक्के भरल्यास. अनेकांनी ते भरले नाहीत आणि तरी स्वतःला कर्जमुक्त समजले. पलीकडे महाराष्ट्रात २०१७ आणि २०१९ साली माफीच्या योजना आल्या, त्यांच्या अटी पुन्हा वेगळ्या. आपल्या सीमाभागात एका भावाची जमीन इकडे आणि दुसऱ्याची शिवेच्या पलीकडे असते. त्यामुळे एका राज्याच्या घोषणेवर दुसऱ्या राज्यातील कर्जदार निर्धास्त झालेला आम्ही पाहिला आहे. माफीची घोषणा वर्तमानपत्रात वाचून चालत नाही. बँकेकडून खाते बेबाक झाल्याचा दाखला हाती आला, म्हणजे माफी झाली.

आणखी एक गोष्ट शेतकऱ्याने ध्यानात ठेवावी. इतर कर्ज नव्वद दिवस थकले की बँक ते बुडीच्या वाटेवरचे म्हणून नोंदते. पीककर्जाला मात्र हंगामाचा हिशेब आहे. कमी मुदतीच्या पिकाला दोन हंगाम, आणि दीर्घ मुदतीच्या पिकाला एक हंगाम. दर वर्षी नवे-जुने करून घेणारा मनुष्य ह्यातून सुटतो, एक वर्ष चुकवणारा अडकतो. येथे आम्हांला एक तक्रार नोंदवावीशी वाटते. ऊस गेल्यावर चौदा दिवसांत कारखान्याने पैसे द्यावेत असे १९६६ सालच्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. बिल दोन-दोन, चार-चार महिने लांबले की शेतकऱ्याचा भरणा लांबतो, आणि उशिराचा डाग पडतो तो शेतकऱ्याच्या नावावर. कारखान्याच्या उशिरासाठी त्या अहवालात रकाना नाही.

तिसरी नोंद आधी सांगतो, कारण ती सोपी होती. पन्नास हजारांचे वैयक्तिक कर्ज, चिकोडीकडील पत्ता. हे गृहस्थ त्या कर्जदाराला ओळखतही नव्हते. नाव तेच, बापाचे नाव तेच, आडनावही तेच. आपल्याकडे ही गंमत फार. मराठी रीतीने नाव, वडिलांचे नाव, आडनाव, तर कन्नड कागदावर आद्याक्षरे पुढे किंवा मागे. इंग्रजीत लिहिणारा कारकून पाटीलचे दोन प्रकार करतो आणि कांबळेचे तीन. लग्नानंतर बाईचे नाव बदलते ते निराळेच. अशा वेळी दोघांची माहिती एकाच्या खात्यावर चढते. ही चूक दुरुस्त करून मिळते, फी लागत नाही. त्याच कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी आणि शिवाय ज्या बँकेने ती नोंद धाडली तिलाही लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी, कारण कंपनी आपल्या मनाने काही खोडू शकत नाही, तिला बँकेला विचारावेच लागते. तीस दिवसांत निकाल लागला पाहिजे. न लागल्यास एप्रिल २०२४ पासून उशिराच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावयाची आहे. एवढ्यानेही दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. ह्या गृहस्थांची नोंद सत्ताविसाव्या दिवशी निघाली.

आता दुसरी नोंद. ती वाचल्यावर खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही.

कर्ज टेम्पोचे होते, २०१४ सालचे. कर्जदार ह्यांचे दाजी, म्हणजे धाकट्या बहिणीचे यजमान. इचलकरंजीच्या मागांना सुताची वाहतूक करण्यासाठी त्यांनी टेम्पो घेतला होता आणि जामीन म्हणून ह्यांनी सही केली होती. धंदा बसला. हप्ते थकले, २०१७ साली कंपनीने टेम्पो ओढून नेला आणि विकला. घरच्यांना वाटले, गाडी गेली, प्रकरण मिटले. पण गाडी विकून आलेल्या रकमेने कर्ज पुरे झाले नव्हते. चौऱ्याहत्तर हजार उरले होते. दाजी २०२० साली वारले. बहिणीला नोटिसा येत, त्या तिने ट्रंकेत ठेवून दिल्या. भावाला सांगितले नाही. अहवालात त्या कर्जापुढे आता एका अशा कंपनीचे नाव होते जे कोणी ऐकलेलेही नव्हते. थकलेली कर्जे विकत घेणाऱ्या कंपन्या असतात, त्यांपैकी ती एक. मागणी एक लाख नव्वद हजारांची.

जामीन राहणे ही आपल्याकडे मान देण्याची गोष्ट समजतात. सही करताना कोणी विचारीत नाही, कारण विचारणे म्हणजे अविश्वास. परंतु कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, अर्धी नव्हे, दुय्यम नव्हे. कर्जदार सोडून प्रथम जामीनदाराला धरण्याचीही कर्ज देणाऱ्याला मुभा असते. म्हणून अहवालात आपण घेतलेल्या कर्जांबरोबर आपण जामीन राहिलेली कर्जेही येतात. स्वतःचा एक पैसाही न थकवता पत गेलेली माणसे आहेत. मृताच्या वारसांची गोष्ट थोडी निराळी. त्यांना वारशाने जेवढे मिळाले तेवढ्यापुरतीच जबाबदारी येते. बहिणीला वारशात एक पत्र्याचे घर आणि शिलाईचे यंत्र, एवढेच आले होते.

ह्या नोंदीवर काय करावे? निपाणीतील एका वकिलांना आम्ही कागद दाखविले. ते म्हणाले, साध्या कर्जाचा दावा लावण्याची मुदत तीन वर्षांची असते, जमीन गहाण असेल तर बारा वर्षांची. मुदतीत कर्जदाराने थोडे पैसे भरले किंवा 'बाकी मान्य आहे' अशा कागदावर सही केली, की मुदत पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली जाते. ह्या प्रकरणात २०१७ नंतर कोणी काही भरलेले नाही आणि कशावर सही केलेली नाही. तेव्हा कोर्टात हा दावा टिकणे कठीण, असे त्यांचे मत पडले. गृहस्थांचा चेहरा उजळला. मग वकिलांनी पुढचे वाक्य उच्चारले. दाव्याची मुदत संपली म्हणजे कर्ज संपले असे नव्हे. अहवालातील नोंद राहते, आणि बँकेला ती पाहून कर्ज नाकारण्याची मोकळीक राहते. मुदत गेलेले कर्जसुद्धा फेडण्याचे लेखी वचन दिल्यास ते पुन्हा जिवंत होते, तेव्हा वसुलीवाल्याच्या दमदाटीने दारात कोणत्याही कागदावर सही करू नये.

सात वर्षांनी नोंद आपोआप पुसली जाते, असे पुष्कळ जण सांगतात. त्याचे मूळ असे की, कंपन्यांनी माहिती निदान सात वर्षे जपून ठेवावी असा नियम आहे. निदान सात, जास्तीत जास्त नव्हे. ह्या आशेवर आठ वर्षे दडून बसलेला मनुष्य नवव्या वर्षी बँकेत जातो आणि नोंद त्याची वाट पाहत असते.

अशा वेळी वसुलीवाले एकरकमी तडजोड पुढे करतात. ह्यांनाही फोन आला, साठ हजार भरा, मिटवून टाकू. येथे दोन इंग्रजी शब्दांतील फरक शिकून घेण्यासारखा आहे. पूर्ण पैसे भरून खाते संपले तर नोंद 'क्लोज्ड' अशी होते. कमी पैशांत मिटविले तर 'सेटल्ड' अशी होते. कानाला दोन्ही सारखेच गोड लागतात. पण 'सेटल्ड' वाचणारा दुसरा बँकवाला त्याचा अर्थ असा घेतो की, ह्या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत. 'रिटन ऑफ' हा तिसरा शब्द आणखी फसवा. बँकेने आपल्या पुस्तकातून रक्कम काढून टाकली एवढाच त्याचा अर्थ, कर्जदाराला सोडले असा नव्हे. तडजोड वाईटच असे आमचे म्हणणे नाही. लाख नव्वद हजार उभे करणे ज्याला शक्य नाही, त्याला साठ हजारांची तडजोड हीच वाट असू शकते. मात्र ती लेखी घ्यावी, कंपनीच्या कागदावर, सहीशिक्क्यासह, जामीनदारही मोकळा झाला असे त्यात स्पष्ट लिहून. पैसे खात्यात भरावेत, वसुलीवाल्याच्या हाती रोख देऊ नयेत. आणि नंतर पंधरवडा-महिन्याने अहवाल पुन्हा काढून पाहावा.

आमच्या धर्मग्रामातील भगिनींसाठी येथे चार शब्द. बिडी वळणाऱ्या आणि शेतमजुरी करणाऱ्या पुष्कळ जणी गटाच्या कर्जात आहेत. कर्ज गटाचे म्हणतात, पण अहवालात ते प्रत्येकीच्या नावावर स्वतंत्र दिसते. स्वतःच्या नावावर उचलून जावेला किंवा शेजारणीला दिलेले कर्जही आपल्याच नावावर राहते, शेजारण गाव सोडून गेली तरी. त्यांनी सीआरआयएफ हाय मार्कचा अहवालही अवश्य काढावा, गटकर्जांची माहिती तिथे बरीच असते. २०२५ च्या फेब्रुवारीत कर्नाटक सरकारने जुलमी वसुलीविरुद्ध अध्यादेश काढला, तेव्हा सारी गटकर्जे माफ झाली अशी हूल उठली होती. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या बँका व कंपन्यांची कर्जे त्याने माफ झालेली नाहीत. परंतु सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर गटकर्जाच्या वसुलीसाठी फोनवरून तगादा लावू नये, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि दारात आरडाओरडा करण्याचा अधिकार तर कोणालाच नाही. इतर कर्जांसाठी वेळ सकाळी आठ ते संध्याकाळी सात.

अहवाल कोरा निघाला म्हणजे मनुष्य कर्जमुक्त, असेही समजू नये. तंबाखूच्या व्यापाऱ्याकडून घेतलेली उचल, सावकाराचे पैसे, पाहुण्याकडून घेतलेले हातउसने ह्यांची नोंद तिथे नसते. गावच्या सोसायटीचे वा पतसंस्थेचे कर्जही दिसेलच असे नाही. जमीन, बँकेतील शिल्लक, जातपात ह्यांचाही त्यात उल्लेख नसतो. नातवाने गमतीने आमचाही अहवाल काढला. आम्ही आयुष्यात कधी कर्ज घेतलेले नाही. आकड्याच्या जागी 'उणे एक' असे आले, म्हणजे माहितीच नाही. गृहस्थ पहिल्यांदाच मोकळेपणाने हसले. "फादर, तुमच्यापरीस माझी पत बरी म्हणायची की!"

अलीकडे 'सिबिल साफ करून देतो' म्हणून पाच-पाच हजार घेणारी माणसे बाजारात फिरू लागली आहेत. खोटी नोंद आपण स्वतः फुकट काढू शकतो आणि खरी नोंद ब्रह्मदेवालाही काढता येत नाही. मग पाच हजार कशाचे?

पीककर्जाचे बावन्न हजार गृहस्थांनी दिवाळीआधी एक म्हैस विकून आणि उसाच्या बिलातून भरले. बँकेने बेबाकीचा दाखला दिला. जमिनीचे मूळ कागद कर्ज फिटल्यापासून तीस दिवसांत परत द्यावेत आणि उशीर झाल्यास दिवसाला पाच हजार रुपये द्यावेत, असा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे, हे सांगितल्यावर कागदही मिळाले. उताऱ्यावरचा बोजा उतरविण्यास मात्र तलाठ्याकडे तीन खेपा पडल्या.

टेम्पोचे अजून व्हावयाचे आहे. बहीण ट्रंकेतील नोटिसा पिशवीत घालून भावाकडे आली होती. सहा वर्षे सांगितले नाही म्हणून भाऊ रागावेल अशी तिला धास्ती होती. तो रागावलाही. मग म्हणाला, "अक्काताई, आधी च्या टाक." वकिलांच्या मते काही न भरता बसून राहता येईल. भावाचे म्हणणे, सही माझी आहे. बहिणीचे म्हणणे, शिलाईतून महिन्याला दोन हजार मी देईन. कंपनीला लेखी हिशेब मागणारे पत्र गेले आहे, मूळ कर्ज किती, टेम्पो कितीला विकला, व्याज कोणत्या दराने लावले. त्या पत्रात बाकी मान्य असल्याचा शब्द येऊ नये, म्हणून मसुदा वकिलांनी पाहून दिला. उत्तर यावयाचे आहे.

ज्यांना आपला अहवाल काढून पाहावयाचा आहे त्यांनी गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता सभागृहात यावे. पॅन कार्ड, बँकेत नोंदलेला क्रमांक ज्यात आहे तो मोबाईल, आणि जुन्या पावत्या व नोटिसा असतील तशा घेऊन याव्यात, फाटक्या असल्या तरी चालतील. मोबाईलवर येणारा ओटीपी ज्याचा त्यानेच टाकावा, तो आम्हांलाही सांगू नये. नातू मदतीला असेल.